आई आणि थेरपिस्ट एकाच वर्गात

ऑटिस्टिक माणसाला सांभाळणाऱ्यांनी रीतसर शिकावं का? आणि शिकायचं तर नोकरी आणि घर सांभाळून, ऑनलाइन, अर्धवेळ शिकून पदरात काही पडतं का? हल्ली बरेचजण मला हे विचारतात, कारण मी असा एक कोर्स करतेय. माझा धाकटा भाऊ ऑटिस्टिक आहे. आता चांगला मोठा बाप्या आहे, आणि आमचं घर त्याच्या वेळापत्रकावर चालतं.

माझं मत आधीच सांगून टाकते. असे कोर्स ऑनलाइन आणि अर्धवेळ असतात म्हणून लोक त्यांना दुय्यम समजतात, ते मला पटत नाही. पालक, भावंडं, शिक्षक आणि थेरपिस्ट एकाच बाकावर बसतात अशी दुसरी जागा मी तरी पाहिलेली नाही. एरवी ही मंडळी टेबलाच्या दोन बाजूंनाच भेटतात. एका बाजूला रिपोर्ट लिहिणारे, दुसऱ्या बाजूला तो घेऊन मुकाट घरी जाणारे. इथे मात्र दोघांनाही तोच पेपर वाचायचा असतो, तीच असाइनमेंट रविवारी रात्री बाराच्या आत टाकायची असते आणि दोघांचेही मार्क सारख्याच निर्दयपणे कापले जातात.

याने काय होतं ते मास्किंगच्या आठवड्यात दिसलं. मास्किंग म्हणजे आपला त्रास लपवून चारचौघांसारखं वागणं. आमच्या बॅचमधल्या एका शिक्षिकेने लिहिलं, की एका मुलाचे पालक घरी तो फार आरडाओरडा करतो म्हणतात, पण शाळेत तर तो अगदी शहाण्यासारखा वागतो, तेव्हा घरातलंच वातावरण तपासायला हवं. त्याखाली एकापाठोपाठ एक आयांची उत्तरं आली. दिवसभर आवाज, गर्दी, अचानक बदललेले तास हे सगळं मूल दात-ओठ खाऊन सहन करतं आणि घराचा दरवाजा बंद झाला की कोसळतं. घर सुरक्षित वाटतं म्हणून ते तिथे कोसळतं. शिक्षिकेला हे पुस्तकात वाचायला मिळालं असतंच. पण पुस्तकातलं वाक्य आणि ‘माझा मुलगा रोज शाळेतून आल्यावर तासभर पलंगाखाली असतो’ असं आपल्यासोबत शिकणाऱ्या बाईने लिहिणं, यात फरक आहे. पुढच्या आठवड्यात त्याच शिक्षिकेने विचारलं, शाळा सुटण्याआधी त्याला वीस मिनिटं शांत खोलीत बसू दिलं तर? मला हे संभाषण त्या मॉड्यूलमधल्या सगळ्या व्हिडिओंपेक्षा मोलाचं वाटतं.

या विषयाचा इतिहासही तेच सांगतो. १९४३ मध्ये अमेरिकेतले बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी ११ मुलांचं वर्णन करून ऑटिझम वैद्यकीय नकाशावर आणला. त्यानंतर कितीतरी वर्षं दोष आईच्या माथी मारला गेला. आई मनाने थंड, म्हणून मूल असं. ते खोडून काढायला पुढे आले बर्नार्ड रिमलँड. ते मानसशास्त्रज्ञ होते, आणि एका ऑटिस्टिक मुलाचे बापही. १९६४ साली त्यांनी पुरावे मांडून ऑटिझम जैविक आहे असं लिहिलं, आणि त्या पुस्तकाला प्रस्तावना दिली खुद्द कॅनर यांनी. लंडनमध्ये लोर्ना विंग मनोविकारतज्ज्ञ होत्या, आणि त्यांची मुलगी ऑटिस्टिक होती. १९६२ मध्ये इतर पालकांसोबत त्यांनी संस्था उभी केली, १९७९ मध्ये जुडिथ गुल्ड यांच्याबरोबर पाहणी प्रसिद्ध केली. ऑटिझम एकाच साच्याचा नसतो, तो कमी-अधिक आणि वेगवेगळ्या रूपांत दिसतो, या अर्थाने आज आपण सहज ‘स्पेक्ट्रम’ म्हणतो ते या दोघींच्या कामामुळे. म्हणजे ज्यांनी दिशा बदलली त्यांचा एक पाय घरात होता आणि एक अभ्यासात.

पण गोष्ट पालकांपाशी संपली नाही. १९९३ मध्ये जिम सिंक्लेअर या ऑटिस्टिक कार्यकर्त्यांनी भर परिषदेत पालकांनाच सुनावलं, की आमच्यासाठी शोक करत बसू नका. २०१२ मध्ये डेमियन मिल्टन यांनी मांडलं, की समजून घेण्यातली अडचण दोन्हीकडून असते. ऑटिस्टिक माणसाला इतर कळत नाहीत तसे इतरांनाही तो कळत नाही. मिल्टन स्वतः ऑटिस्टिक आहेत, समाजशास्त्रज्ञ आहेत आणि ऑटिस्टिक मुलाचे वडीलही आहेत. त्यामुळे वर्गात पालक आणि व्यावसायिक असूनही भागत नाही. शिकवणाऱ्यांत ऑटिस्टिक माणसं हवीत, आणि तीही एखाद्या तासाला ‘अनुभवकथन’ करायला बोलावलेली नकोत. अभ्यासक्रम ठरवणारी हवीत, मार्क देणारी हवीत.

हे का, त्याचा धडा आम्हाला केस स्टडीच्या वेळी मिळाला. एका आईने आपल्या किशोरवयीन मुलाचा मेल्टडाउन, म्हणजे सगळं असह्य होऊन त्याचा ताबा सुटला तो प्रसंग, सविस्तर लिहून चर्चेत टाकला. लिखाण उत्तम होतं, कळवळ्याने लिहिलेलं होतं. आमच्या एक ट्यूटर ऑटिस्टिक आहेत. त्यांनी एवढंच विचारलं, ‘त्याला विचारलंत का?’ बराच वेळ कुणीच काही लिहिलं नाही. मग वाद झाला, आणि चांगलाच झाला. बोलता न येणाऱ्या मुलाची संमती कशी घ्यायची? आईचा स्वतःचा अनुभव लिहायचा तिला हक्क नाही का? थेरपिस्ट मंडळींना गोपनीयतेचे नियम पाठ असतात. घरच्यांना असे नियम कुणी दिलेलेच नसतात. शेवटी असं ठरलं की जेवढं विचारता येईल तेवढं चित्रं दाखवून, पर्याय ठेवून विचारायचं, आणि जे त्याच्या वर्गमित्रांनी वाचलं तर त्याला लाज वाटेल ते लिहायचंच नाही. ही पोस्टसुद्धा मी भावाला वाचून दाखवली आहे. त्याच्याबद्दलचा एक परिच्छेद त्याने काढायला लावला, तो काढला.

आता अर्धवेळ असण्याबद्दल. ब्रिटिश पद्धतीत ६० क्रेडिटचं पोस्टग्रॅज्युएट सर्टिफिकेट म्हणजे साधारण ६०० तासांचा अभ्यास. वर्षात करायचं तर आठवड्याला बारा तास, दोन वर्षांत करायचं तर सहा. ऐकायला हे रडतखडत वाटतं. पण या विषयाला तोच वेग मानवतो. शरीराच्या आतल्या संवेदना, म्हणजे भूक, तहान, लघवीची जाणीव, अनेक ऑटिस्टिक लोकांना उशिरा किंवा अस्पष्ट जाणवतात, हे मी एका आठवड्यात वाचलं. मग रोज संध्याकाळी नोंदी ठेवायला लागले. भाऊ कधी अस्वस्थ होतो, त्याआधी काय झालं, शेवटचं खाणं-पाणी कधी झालं. कितीतरी आठवड्यांनी त्यात आकार दिसायला लागला. त्याला भूक कळत नाही, नुसतं काहीतरी बिनसल्याचं कळतं. आता खाण्यापिण्याच्या वेळा त्याच्या चित्रांच्या तक्त्यावर आहेत आणि संध्याकाळ पुष्कळ निवळली आहे. दोन दिवसांच्या कार्यशाळेत मला ‘इंटरोसेप्शन’ हा शब्द मिळाला असता आणि एक फाइल मिळाली असती.

दुसरी कमाई म्हणजे संशोधन वाचायची सवय. २०२० मध्ये कॅथरीन क्रॉम्प्टन आणि सहकाऱ्यांनी एक सुरेख प्रयोग केला. आठ-आठ जणांच्या साखळीतून एक गोष्ट कानोकानी पुढे पाठवली. सगळे ऑटिस्टिक असलेली साखळी इतरांच्या साखळीइतकीच चांगली चालली. ऑटिस्टिक आणि इतर अशा मिश्र साखळीत गोष्ट जास्त हरवली. आम्ही सगळे खूश, मिल्टन यांना पुरावा मिळाला! मग २०२५ मध्ये तीनशेहून जास्त लोकांवर तसाच प्रयोग झाला, तर मिश्र साखळीतली ती घसरण दिसलीच नाही. ऑटिस्टिक लोक माहिती पोचवण्यात कमी नसतात, हा भाग टिकला. आपल्याला आवडणारा निष्कर्षसुद्धा असा निसटतो हे एकदा पाहिलं, की ‘शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय’ म्हणणाऱ्या फॉरवर्डला माणूस सहज भुलत नाही. लसीमुळे ऑटिझम होतो ही अफवा १९९८ च्या फक्त १२ मुलांवरच्या पेपरमधून फोफावली आणि तो पेपर मागे घ्यायला २०१० उजाडलं. थकलेल्या पालकांना काहीही विकता येतं. हा अभ्यास त्यावर थोडी तरी लस आहे.

सगळंच गोड नाही. काही ‘कोर्स’ म्हणजे नुसती व्हिडिओंची माळ, शेवटी दहा प्रश्नांची क्विझ आणि नक्षीदार सर्टिफिकेट. तिथे ना ट्यूटर, ना सहाध्यायी. आणि खऱ्या कोर्सच्या सर्टिफिकेटनेही कुणी निदान करायला किंवा थेरपी द्यायला पात्र ठरत नाही. तसं सुचवणारी जाहिरात दिसली तर तिथूनच परत फिरा. मुदतींचं गणित तर बहुतेक ठिकाणी कच्चंच. सांभाळणाऱ्याची रात्र कशी जाईल हे दुपारी सांगता येत नाही. मुदतवाढीसाठी दर वेळी डॉक्टरचं पत्र मागणाऱ्या संस्थेने आपला विद्यार्थी कोण हेच ओळखलेलं नाही.

आणि प्रत्येकाने एवढ्या खोल पाण्यात उतरायलाच हवं असंही नाही. घरात लहान मूल आहे आणि आज संध्याकाळी काय करू एवढाच प्रश्न आहे, तर जागतिक आरोग्य संघटनेचा केअरगिव्हर स्किल्स ट्रेनिंग हा कार्यक्रम बघा. मुळात तो २ ते ९ वर्षांच्या मुलांच्या पालकांसाठी आखला आहे, ९ गट-सत्रं आणि ३ गृहभेटी असा. २०२२ मध्ये त्याची मोफत ऑनलाइन आवृत्तीही आली. खेळातून, रोजच्या कामांतून संवाद कसा वाढवायचा हे त्यात साध्या शब्दांत आहे.

माझी खरी तक्रार वेगळीच आहे. जवळजवळ प्रत्येक अभ्यासक्रम मुलांपाशी अडकतो. शाळा, खेळ, लवकर हस्तक्षेप, आणि मग अठराव्या वर्षी पडदा. पन्नाशीतल्या ऑटिस्टिक माणसाचं दातांचं दुखणं कसं ओळखायचं, आई-वडील गेल्यावर त्याचं दुःख कसं दिसतं, त्याने कुठे आणि कुणाबरोबर राहायचं हे त्याच्याकडून कसं काढून घ्यायचं, यावर आमच्या वाचनयादीत मोजके लेख आहेत. प्रौढांवर पूर्ण मॉड्यूल असलेला, ट्यूटर खरोखर उत्तरं देणारा अर्धवेळ कोर्स कुणी केला असेल तर मला सांगा. पुढच्या सत्राची नोंदणी अजून उघडी आहे.