दोन गुंठ्यांपर्यंत कायदा पोहोचत नाही

सॅक्रामेंटो, कॅलिफोर्निया

आमच्या सांगलीच्या वर्गमित्रांच्या ग्रुपवर महिनाभर एकच वाद चालला आहे. एकाने सुचवलं की इंजिनिअर आणि आर्किटेक्ट यांना परवाना नूतनीकरणाच्या वेळी पर्यावरणपूरक बांधकामाच्या अभ्यासाचे काही तास सक्तीचे असावेत. त्यावर विश्रामबागेतल्या मित्राने लगेच लिहिलं, "पन्नाशीला आलो, आता परत बाकावर बसवणार का? आणि प्रमाणपत्रं विकत मिळायला कितीसा वेळ लागतो?" जतला काम करणाऱ्या दुसऱ्याचं म्हणणं आणखी साधं होतं. एक दिवस सांगलीला यायचं म्हणजे साईटवरचा एक दिवस बुडाला, तो भरून कोण देणार?

या दोघांचेही आक्षेप खरे आहेत. तरीही माझं मत सक्तीच्या बाजूने आहे.

इथे कॅलिफोर्नियात आर्किटेक्ट म्हणून माझा परवाना दर दोन वर्षांनी नूतनीकरणाला येतो. त्यासाठी पाच तास अपंगांना इमारतीत नीट वावरता यावं या विषयाचे लागतात, आणि २०२३ पासून आणखी पाच तास शून्य-कार्बन इमारतींचे, म्हणजे वापरात कार्बनची निव्वळ भर न घालणाऱ्या इमारतींचे. हा दुसरा नियम राज्याने २०२१ मध्ये कायदा करून आणला. अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्सचं सदस्यत्व ठेवायचं तर वर्षाला १८ तासांचा वेगळा हिशेब. ऐकायला हे भारदस्त वाटतं, पण त्यातले कितीतरी तास मी वाया गेलेले पाहिले आहेत. काच बनवणारी कंपनी ऑफिसात जेवण घेऊन येते, तासभर काचेवर बोलते आणि तो तास आमच्या खात्यावर जमा होतो. सांगलीत सिमेंट कंपनीचा 'इंजिनिअर मेळावा' होतो, त्याचीच ही आवृत्ती. उद्या आपल्याकडे तास सक्तीचे झाले आणि ते भरवायचं काम टाईल्स-सिमेंटवाल्यांकडे गेलं, तर विश्रामबागेतला मित्र जिंकला असं मीच लिहीन.

पण मला स्वतःला काय मिळालं, तेही सांगायला हवं. वीस वर्षांपूर्वी मी सांगलीतल्या आईबाबांच्या घराचा नकाशा काढला. प्लॉट दोन गुंठ्यांचा. वरच्या खोलीला पश्चिमेकडे मोठी काच दिली, तीही न उघडणारी, कारण दर्शनी बाजूला ती शोभत होती. वर सहा इंची स्लॅब, त्यावर वॉटरप्रूफिंगचा कोबा. आई दर एप्रिलला गादी खाली आणते. वर झोपवत नाही म्हणते, माझ्याबद्दल कधी काही म्हणत नाही. सॅक्रामेंटोचा उन्हाळाही चाळिशी ओलांडतो, पण संध्याकाळी समुद्राकडून नदीच्या त्रिभुज प्रदेशावरून गार वारं येतं. असल्या वाऱ्याला रात्री घरात घेऊन भिंती निववायच्या आणि सकाळी खिडक्या लावून घ्यायच्या, हे मी इथल्या एका सक्तीच्या तासात शिकले. त्याच तासात मला ती पश्चिमेची काच आठवली. सांगलीतही उन्हाळ्यात संध्याकाळी वारं पश्चिमेकडूनच सुटतं. मी ऊन आत घेतलं होतं आणि वारं बाहेर ठेवलं होतं. तो तास सक्तीचा नसता तर मी त्याला बसले नसते, कामं होती.

"त्यासाठी नियम आहेत की," असं ग्रुपवर एकीने लिहिलं. आहेत, पण ते कुठवर येतात ते पाहा. केंद्राच्या २०१८ च्या इको निवास संहितेत घराच्या छतातून किती उष्णता आत यावी याची मर्यादा दिली आहे, भिंती-खिडक्यांचाही हिशेब आहे. उघडा काँक्रीट स्लॅब त्या मर्यादेच्या दुपटीहून जास्त उष्णता आत सोडतो. पण ती संहिता ५०० चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या भूखंडांसाठी लिहिलेली, म्हणजे जवळजवळ पाच गुंठे. सांगली-मिरजेतली किती घरं पाच गुंठ्यांवर आहेत? दीड, दोन, फार तर तीन गुंठे. तिथे कायद्याचा हात पोहोचत नाही. तिथे पोहोचते ती फक्त नकाशा काढणाऱ्याची समज. ती समज कॉलेज सुटलं त्या वर्षी थांबलेली असेल, तर घरही त्याच वर्षातलं होतं, मग बांधा ते २०२५ मध्ये.

मिरजेचंच उदाहरण घ्या. मिरज डॉक्टरांचं गाव. तिथल्या डॉक्टरला महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे नोंदणी चालू ठेवायला पाच वर्षांत ३० क्रेडिट तास मिळवावे लागतात. त्याच्या हॉस्पिटलचा नकाशा ज्याने काढला त्या आर्किटेक्टची नोंदणी १९७२ च्या कायद्याखाली होते, आणि नूतनीकरणासाठी तो कायदा फी मागतो, अभ्यास मागत नाही. सिव्हिल इंजिनिअरला तर देशपातळीवर तशी परिषदच नाही, पालिकेचा परवाना असतो. रुग्णाला तपासणाऱ्याने शिकत राहावं आणि रुग्ण ज्या खोलीत उकडतो तिचा नकाशा काढणाऱ्याने नाही, हे मला पटत नाही.

आणि पूर? २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली, धोक्याची पातळी ४५ फूट असताना. २०२१ मध्ये परत पाणी आलं. त्यानंतर दुरुस्त झालेल्या घरांमध्ये मीटरचा बोर्ड परत त्याच उंचीवर बसलेला मी पाहिला आहे. संडासाच्या लाईनला उलटं पाणी अडवणारा व्हॉल्व्ह नाही, तळमजल्याला फुगणाऱ्या प्लायवुडची कपाटं. मालकाला हे सुचणार नाही. ते त्याचं काम नाही, आपलं आहे. सॅक्रामेंटोतही १८६२ चा महापूर आला, तेव्हा लोकांनी शहराच्या मध्यभागातले रस्ते भर घालून वर उचलले. आपण पुढच्या वेळी निदान बोर्ड तरी उचलूया.

म्हणून माझं म्हणणं असं की तास असावेत, पण थोडे असावेत आणि इथले असावेत. वर्षाला सहा पुरेत. माल विकणाऱ्याने ते घेऊ नयेत. जतच्या मित्राला सांगलीला बोलवू नये, वर्ग जतला न्यावा. जत-आटपाडीकडे जाड मातीची माळवदं अजून उभी आहेत. त्यांच्याखाली दुपारी बसून, मग शेजारच्या स्लॅबच्या खोलीत बसून दोन्हीकडे थर्मामीटर लावला की अर्धा धडा झाला. मिस्त्री आणि गवंड्यांनाही बोलवावं, मजुरी देऊन. नकाशातला छज्जा शेवटी दीड फुटाचा करायचा की दोन, हे साईटवर तेच ठरवतात. आणि प्रमाणपत्र हजेरीवर देऊ नये. स्वतः बांधलेलं एक घर उन्हाळ्यात मोजून आणावं, काय चुकलं ते सगळ्यांसमोर सांगावं, मग द्यावं. असलं प्रमाणपत्र विकत घेणं अवघड जाईल.

ग्रुपवर मित्राने विचारलं, "पहिलं घर कुणाचं मोजायचं?" मी एप्रिलमध्ये येते आहे. आमच्या घराची वरची खोली तेव्हा रिकामीच असते. आईला विचारलं, तिने हो म्हटलं आहे. दुपारी तीनला या, आणि गच्चीवर जाताना चपला खाली काढून ठेवा.