मुरमाच्या खड्ड्यात काळी माती भरू नका

"डोंगरावरच्या सागाची पानं छोटी, जाड असतात आणि जानेवारीतच गळतात, म्हणजे माती उपाशी आहे. खड्ड्यात काळी माती भरा, रोपामागे अर्धा किलो युरिया द्या, झाड उन्हाळाभर हिरवं राहील. मराठवाड्यात खडक एकच, त्यामुळे उपाय सगळीकडे लागू." हा मजकूर गावोगावच्या व्हॉट्सॲप गटांत फिरतोय. मामांनी तो वाचून माळावरच्या लागवडीसाठी मातीच्या ट्रॉल्या ठरवल्या, म्हणून हे लिहावं लागतंय.

काळी माती आधी. मुरमात खणलेला खड्डा चिकण मातीने भरला की त्याचा हौद होतो. पावसात माती फुगते, खाली काळा पाषाण असेल तर पाणी हलत नाही आणि मुळं हवेवाचून कुजतात. सागाला तुंबलेलं पाणी अजिबात सोसत नाही. जे रोप वाचतं, ते त्या मऊ मातीतच मुळं गोल फिरवत बसतं, शेजारच्या मुरमाच्या भेगांत शिरत नाही. मार्चनंतर तीच माती आक्रसून कडेपासून सुटते, तडे जातात, बारीक मुळं तटातट तुटतात. तेव्हा मातीत ओल असली तरी ती कणांना इतकी घट्ट धरलेली असते की मुळाला ओढता येत नाही.

युरिया. अर्ध्या किलोत 230 ग्रॅम नत्र असतं, कोवळी मुळं तेवढ्याने करपतात. चुनखडीच्या, 8 च्या वर सामू (आम्ल-अल्कतेचं माप) असलेल्या जमिनीवर तो नुसता फेकला तर बरंचसं नत्र अमोनिया होऊन उडतं. उरलेलं लागू पडलं तर पानोरा वाढतो आणि मुरमातली थोडकी ओल आणखी लवकर संपते.

जाड पान हा आजारही नव्हे. 175 ठिकाणच्या 2,548 प्रजातींच्या पानांचा अभ्यास 2004 साली 'नेचर'मध्ये आला. एका टोकाला पातळ, नत्र-स्फुरदाने भरलेली, झपाट्याने अन्न बनवणारी पण अल्पायुषी पानं. दुसऱ्या टोकाला जाड, चिवट, संथ आणि टिकाऊ. अन्नपाणी दुर्मीळ तिथे झाड पान जपून बांधतं. ओल संपत आली की साग ते पान गाळतो, पण गळण्याआधी त्यातलं बरंच नत्र आणि स्फुरद खोडात परत ओढून घेतो. धावडा, सालई ही डोंगरावरची झाडंही हेच करतात.

"खडक एकच" हेही खोटं. नांदेड जिल्ह्यात देगलूर-बिलोलीकडे ग्रॅनाइट आहे, त्याची माती तांबूस आणि रेताड. बाकी भागातल्या बेसाल्टमध्येसुद्धा (लाव्हापासून झालेल्या काळ्या खडकात) मांजऱ्या म्हणजे बारीक पोकळ्यांचा खडक आणि कठीण पाषाण यांत पाणी सारखं मुरत नाही.

एवढं मात्र मान्य: खोल मातीत साग उशिरा पानं गाळतो, ओढ्याकाठी हे दिसतंच. पण ती खोली ट्रॉलीने आणता येत नाही.

खड्डा दीड फूट लांब-रुंद-खोल घ्या. तळ आणि कडा पहारीने फोडा, गुळगुळीत ठेवू नका. निघालेला बारीक मुरूम आणि वरची माती यांत दोन घमेली पूर्ण कुजलेलं शेणखत मिसळून तेच परत भरा. उताराच्या खालच्या अंगाला अर्धगोल बांध घाला आणि रोपाच्या बुडाशी दगड रचा.