उमरावांची गाणी आणि पाच सॉलिडसचा कोट

मध्ययुगीन जर्मन प्रेमकवी म्हटलं की एक ठरलेलं चित्र पुढे केलं जातं. गड, गडाच्या खिडकीत उभी असलेली राजस बाई, खाली चिलखत घातलेला तरणाबांड सरदार. "सगळे खानदानी लोक होते हो, प्रेम करणं हा त्यांच्या शौर्याचाच भाग होता" वगैरे वगैरे. पर्यटनाच्या व्हिडिओंत हेच, जर्मनच्या क्लासमधल्या नोट्समध्येही हेच. माझं मत वेगळं आहे आणि ते मी लांबण लावून सांगणार आहे, तेव्हा घाईत असलेल्यांनी खुशाल पुढे सरकावं. या कवींचं खानदान बरंचसं मागाहून रंगवलेलं आहे. त्यातही गंमत अशी, की ज्यांच्या हातात खरी सत्ता होती ते गाण्यात चाकर व्हायची हौस भागवून घेत होते, आणि जे खरोखरच कुणाचे चाकर होते त्यांना उमरावाच्या थाटात गावं लागत होतं.

आधी थोडी ओळख. या गीतांना मिनेझांग म्हणतात. बाराव्या शतकाच्या मध्याला डॅन्यूबच्या काठाने ती सुरू झाली, पुढे फ्रान्सकडून नव्या चाली आणि नव्या कल्पना आल्या, आणि मग ऱ्हाइनपासून व्हिएन्नापर्यंत दरबारोदरबारी त्यांची चलती झाली. मामला बहुतेक ठरलेला. कवी एका थोर स्त्रीची सेवा करतो, ती दाद देत नाही, तो झुरतो, आणि झुरल्यामुळे त्याचीच लायकी वाढते. तिचं नाव तो चुकूनही घेत नाही. बाईच्या तोंडी घातलेली गीतंही आहेत, पण तीही पुरुषांच्याच नावावर जमा.

आता ही गीतं आपल्यापर्यंत पोचली ती मुख्यतः एका हस्तलिखितामुळे. कोडेक्स मानेसे. साधारण १३०० ते १३४० या काळात झ्युरिकमध्ये तयार झालेलं, ४२६ चर्मपत्रांचं, १४० कवी आणि १३७ पानभर चित्रं असलेलं. मानेसे हे झ्युरिक शहरातलं वजनदार घराणं. त्यांनी गीतांच्या वह्या जमवल्या असं हाडलाउब नावाचा त्यांच्याच काळातला कवी गाऊन सांगतो. हे बाड पुढे तीस वर्षांच्या युद्धाच्या धामधुमीत हायडेलबर्गमधून गेलं, पॅरिसच्या राजग्रंथालयात जाऊन पडलं आणि १८८८ मध्ये पुस्तकांच्या मोठ्या अदलाबदलीत परत हायडेलबर्गला आलं. ती एक वेगळीच कादंबरी आहे, इथे नको.

मुद्दा आहे त्यातल्या क्रमाचा. कवींची मांडणी काळानुसार नाही आणि गुणवत्तेनुसार तर नाहीच. जुन्या लग्नाच्या पंगतीसारखी आहे: आधी मानकरी. पहिला पाट सम्राट हाइनरिश सहाव्याला. मग राजे, ड्यूक, मारग्रेव्ह, काउंट, त्यानंतर लहानमोठे सरदार, आणि पार शेवटाकडे नुसतं 'माइस्टर' म्हणवले जाणारे, ज्यांच्या पाठीशी घराणं नाही असे पेशाने गाणारे. बहुतेकांच्या चित्रात डोक्यापाशी ढाल, शिरस्त्राण, कुलचिन्ह अगदी ठसठशीत काढलेलं. यातले कितीतरी कवी चित्रकाराच्या जन्माआधीच मातीत गेलेले. मग कुलचिन्हं आली कुठून? काही खरी होती, काही सरळ नावावरून बेतली. वाल्टर फॉन डेर फोगेलवाइडेच्या नावात पक्षी आहे, म्हणून त्याच्या ढालीवर पिंजऱ्यातला पक्षी. झालं खानदान तयार.

पंगतीतला पहिला मानकरी घ्या. हाइनरिश हा सम्राट फ्रेडरिक बार्बारोसाचा मुलगा. ११८४ मध्ये माइन्झला बापाने जो प्रचंड दरबारी सोहळा भरवला होता त्यात याला आणि याच्या भावाला सरदारकीची तलवार मिळाली. त्याच्या नावावरचं गीत म्हणतं, की तिला सोडण्याआधी मी मुकुट सोडेन. छान आहे, खोटं कशाला बोला. पण हाच हाइनरिश इंग्लंडचा राजा रिचर्ड कैदेत असताना प्रचंड खंडणी वसूल करून घेतो, त्या पैशावर सिसिलीवर चालून जातो आणि ११९४ च्या नाताळात पालेर्मोमध्ये राज्याभिषेक करवून घेतो. मुकुट सोडणारा माणूस हा नव्हे. एवढंच की ज्याच्याकडे मुकुट असतो त्याला तो कवितेत सोडून देण्याची चैन परवडते.

याच्या दुसऱ्या टोकाला जे लोक होते त्यांना जर्मन इतिहासात मिनिस्टेरियालिस म्हणतात. हा प्रकार जर्मन साम्राज्यातच एवढा फोफावला, आणि तो समजून घेतल्याशिवाय ही गीतं कळत नाहीत असं माझं ठाम मत आहे. हे लोक घोड्यावर बसत, चिलखत घालत, किल्ले सांभाळत, मोठमोठ्या हुद्द्यांवर असत. बाहेरून बघणाऱ्याला पक्के सरदार. पण कायद्याने ते स्वतंत्र नव्हते. धन्याच्या परवानगीशिवाय बाहेरच्या घराण्यात लग्न करता येत नसे. दोन वेगळ्या धन्यांच्या माणसांनी लग्न केलं तर पोरांची वाटणी होई. जमीन दान दिली तर तिच्याबरोबर हेही दान जात. हातात तलवार, पण मालकी दुसऱ्याची. तेराव्या शतकात हळूहळू हाच वर्ग खालच्या दर्जाचा उमराव बनला, आणि मग कुणाला ती जुनी गोष्ट आठवायची हौस उरली नाही.

हार्टमान फॉन आउए हा मोठा कवी, आणि तो स्वतःची ओळख करून देताना सांगतो: मी पुस्तकं वाचता येणारा सरदार आहे, आउएच्या घराण्याचा चाकर आहे. एका दमात दोन्ही. त्यात त्याला लाजही वाटत नाही आणि अभिमानही लपत नाही. पासाऊच्या बिशपच्या पदरी असलेला आल्ब्रेष्ट फॉन योहान्सडोर्फ तर एका गीतात बाईशी चक्क सवाल-जवाब करतो. इतकी गाणी गायलो, इतकी सेवा केली, मला यातून काय मिळणार? ती म्हणते, मिळणार ना, तुमची किंमत वाढेल आणि मन उंच राहील.

हे उत्तर मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मोठ्याने हसलो. पगारवाढ मागायला गेलेल्या माणसाला वरिष्ठाने पाठीवर थाप मारून परत पाठवावं, तसलं आहे ते. सम्राटासाठी 'सेवा' हा अलंकार. आल्ब्रेष्टसाठी ती सकाळी उठून करायची गोष्ट होती, आणि मोबदला मिळेलच याची खात्री तिथेही नव्हतीच. दरबारात त्याचं गाणं ऐकत बसलेल्यांपैकी निम्म्यांना ही नस नेमकी कुठे दुखते ते कळलं असणार.

इथे एक थांबा घ्यायला हवा, कारण ही मांडणी फार गोंडस होऊ शकते. विसाव्या शतकात एरिश कोलर यांनी दक्षिण फ्रान्समधल्या प्रोव्हान्सच्या कवींबद्दल असं सुचवलं, की वर चढू पाहणाऱ्या लहान सरदारांची आकांक्षाच या प्रेमात बोलते. तीच चौकट जर्मन कवींना बसवली गेली. त्यावर योआखिम बुमके यांनी १९७६ मध्ये अख्खं पुस्तक लिहून पाणी ओतलं: कोण कवी मिनिस्टेरियालिस होता याचे पुरावे तपासा, ते किती तुटपुंजे आहेत बघा. फ्रिडरिश फॉन हाउझेन, जो ६ मे ११९० ला बार्बारोसाच्या क्रुसेडमध्ये आजच्या तुर्कस्तानात घोड्यावरून पडून मेला, तो स्वतंत्र घराण्यातला की चाकर, यावर एकमत नाही. शिवाय खरेखुरे वरचे लोकही गात होतेच. रुडोल्फ फॉन फेनिस हा नॉयेनबुर्गचा काउंट. ओटो फॉन बोटेनलाउबेन हा हेनेबर्गच्या काउंट घराण्यातला, पवित्र भूमीत जाऊन तिथल्या मोठ्या घराण्यातली बायको करून आला. बुमकेंचं म्हणणं मला मान्य आहे. पण त्यामुळे माझा मुद्दा पडत नाही, उलट पक्का होतो. खात्रीचं खानदान हाताशी फार थोड्यांचं आहे. बाकीच्यांना ते चित्रकाराने दिलंय.

मधेच हाइनरिश फॉन मोरुंगेन आठवला. माझा अत्यंत लाडका. त्याच्या गीतात ती सूर्यासारखी येते आणि बघणाऱ्याचे डोळे दिपून जातात. कागदोपत्री मात्र तो सेवानिवृत्त सरदार म्हणून भेटतो: माइसनच्या मारग्रेव्हकडून लाइपझिगच्या टांकसाळीच्या उत्पन्नातले वर्षाला दहा टॅलेंट (त्या काळचं पैशाचं एक माप) त्याला मिळत, ते त्याने तिथल्या सेंट थॉमसच्या मठाला देऊन टाकले. सेंट थॉमस हिंदुस्थानात गेला अशी जुनी समजूत, एवढ्या धाग्यावर पुढे लोकांनी दंतकथा रचली, की हा हिंदुस्थानात जाऊन आला. लोकगीतातला मोरिंगर तर सात वर्षं थॉमसच्या देशी जातो आणि बायकोच्या दुसऱ्या लग्नाच्या दिवशी परत उगवतो. आपला काही संबंध निघाला तर तो एवढाच.

आता उलरिश फॉन लिश्टेनश्टाइन. (आजच्या लिश्टेनश्टाइन देशाच्या राजघराण्याशी याचा संबंध नाही.) हा ऑस्ट्रियातल्या श्टायरमार्कचा, मूळ मिनिस्टेरियालिस वर्गातला, पण गडगंज. साधारण १२५५ ला त्याने आपलीच प्रेमकहाणी पद्यात लिहिली. तिला त्याचा ओठ आवडला नाही म्हणून त्याने ओठाची शस्त्रक्रिया करून घेतली. तिच्यासाठी झुंजताना बोट दुखावलं. ते तुटलं असा तिचा समज झाला आणि पुढे ते शाबूत असल्याचं तिला कळलं, तेव्हा खोटेपणाचा ठपका नको म्हणून याने बोट छाटून घेतलं आणि कवितेच्या छोट्या पुस्तकासोबत तिला पाठवून दिलं. १२२७ च्या वसंतात हा वेण्या घालून, बायकी वेष करून, व्हीनसदेवी म्हणून व्हेनिसजवळून निघाला आणि बोहेमियापर्यंत वाटेत येईल त्या सरदाराशी झुंजत गेला. ३०७ भाले मोडले म्हणे. हिशेब त्याचाच. आणि या सगळ्या धबडग्यात तो मधे दोन-तीन दिवस सुट्टी काढून घरी जातो, स्वतःच्या लग्नाच्या बायकोकडे, आणि तिथे किती सुखात होतो तेही न लाजता लिहितो!

यातलं किती खरं, हा प्रश्न विचारणंच चूक आहे. दस्तऐवजांतला उलरिश वेगळाच माणूस आहे: साक्षी म्हणून सही-शिक्क्यांना हजर, श्टायरमार्कचा मार्शल, पुढे न्यायाधिकारी, मुरलेला राजकारणी. त्या कागदांत कवितेचा उल्लेखही नाही. माझा अंदाज असा, की ज्याचं बूड पक्कं बसलंय तोच स्वतःचं इतकं हसं करून घेऊ शकतो.

वाल्टरकडे तसं बूड नव्हतं. आणि म्हणूनच या सगळ्यांत तो मला सर्वांत मोठा वाटतो. व्हिएन्नाच्या दरबारातून बाहेर पडल्यावर तो वीसेक वर्षं या दारातून त्या दारात फिरत राहिला. त्याच्या हयातीतला त्याच्याबद्दलचा एकुलता एक कागद म्हणजे पासाऊचा बिशप वोल्फगर याच्या प्रवासखर्चाची वही. १२०३ च्या नोव्हेंबरात, सेंट मार्टिनच्या सणाच्या दुसऱ्या दिवशी, व्हिएन्नाजवळच्या त्साइझेलमाउअर गावी नोंद पडली: फोगेलवाइडेचा गायक वाल्टर, फरच्या कोटासाठी, पाच लांब सॉलिडस. म्हणजे दीडशे पेनी. नावाआधी 'सरदार' नाही, 'गायक' आहे. मार्टिन म्हणजे तोच संत, ज्याने भिकाऱ्याला आपला अर्धा झगा फाडून दिला. बिशपने मुहूर्त बरा साधला होता.

हाच वाल्टर सम्राट ओटोबद्दल म्हणतो, की हा जितका उंच आहे तितका दिलदार असता तर! आयझेनाखला गेर्हार्ट आट्झे नावाच्या कुणा सरदाराने त्याचा घोडा मारला, तर त्याची भरपाई मागणारं कवनच तो रचतो, तीन मार्क किंमत टाकून. प्रेमगीतातसुद्धा त्याची नजर दर्जावर असते. एका गीतात साध्या मुलीला म्हणतो, लोक मला नावं ठेवतात की मी खालच्या ठिकाणी गातो. ठेवू देत, तुझी काचेची अंगठी मी राणीच्या सोन्याऐवजी घेईन. ज्याच्यासाठी सोनं खरंच महत्त्वाचं होतं त्याने हे म्हणावं, याला वजन आहे. सम्राटाच्या मुकुटाला नाही.

शेवटी १२२० च्या सुमारास फ्रेडरिक दुसऱ्याने त्याला छोटीशी जहागीर दिली. त्यावरचं गीत म्हणजे निव्वळ आनंदाने मारलेली उडी आहे: मिळाली, अरे मिळाली, ऐका सगळ्यांनी! आता फेब्रुवारीत पायाची बोटं गारठण्याची भीती नाही. शेजारी मला आता बुजगावण्यासारखं बघत नाहीत. आणि मग ती ओळ, जी कुठल्याही खानदानी कवीला सुचली नसती: शिव्या देऊन देऊन माझ्या तोंडाला घाण मारत होती, ती राजाने धुऊन काढली.

लोकांनी मात्र त्याला काही असं राहू दिलं नाही. एवढा मोठा माणूस बिनघराण्याचा कसा? एकोणिसाव्या शतकात गावोगाव त्याच्या जन्माचे दावे सुरू झाले. १८८९ मध्ये दक्षिण टिरोलच्या बोत्सेनमध्ये भर चौकात त्याचा पुतळा बसला, जर्मनपणाची खूण म्हणून. १९३५ मध्ये इटलीच्या फॅसिस्ट राजवटीने तो उचलून एका बागेत नेऊन टाकला, १९८१ मध्ये तो परत चौकात आला. ज्याला हयातीत स्वतःची चूल मिळायला म्हातारपण यावं लागलं, त्याच्या पत्त्यावरून दोन राष्ट्रवाद भांडले.

हस्तलिखिताची सगळी पानं हायडेलबर्गच्या ग्रंथालयाने ऑनलाइन मोफत ठेवली आहेत. पुण्या-मुंबईत जर्मन शिकणाऱ्यांनी जरूर बघा. त्या काळची भाषा लगेच कळणार नाही, पण आजच्या जर्मन भाषांतरासह आवृत्त्या सहज मिळतात. फक्त उलरिशपासून सुरुवात करू नका. तो करमणूक फार करतो, आणि मग बाकीचे सगळे त्याच्यासारखेच वाटायला लागतात.