आज ९ डिसेंबर आहे, हे व्यासपीठावर कोणालाच ठाऊक नव्हते

आज सकाळी आमच्या भागात वीरपत्नींचा सन्मान सोहळा झाला आणि माझ्या आत्यालाही त्याचे निमंत्रण होते. वेळ दहाची असल्यामुळे आम्ही साडेनऊलाच जाऊन बसलो. प्रमुख पाहुणे साडेबाराला आले. तोपर्यंत पाच वृद्ध बायका मंडपात प्लास्टिकच्या खुर्च्यांवर, कर्ण्यातून येणारी देशभक्तीची गाणी ऐकत बसून होत्या. मग सूत्रसंचालकाने आत्याचे नाव पुकारले आणि ‘यांच्या पतींनी कारगिलच्या रणभूमीवर सर्वोच्च बलिदान दिले’ असे खणखणीत आवाजात सांगितले. टाळ्या, शाल, श्रीफळ, फोटो, पुढचे नाव.

माझे आतोबा कारगिलमध्ये गेले नाहीत. ते नौदलात खलाशी होते आणि ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री ‘आयएनएस खुकरी’बरोबर दीवजवळच्या समुद्रात गेले, म्हणजे नेमके आजच्याच तारखेला. सोहळा आजच का ठेवला, असे मी एका कार्यकर्त्याला विचारले, तेव्हा साहेबांची हीच तारीख मोकळी होती, असे त्याने अगदी निरागसपणे सांगितले.

४ डिसेंबरला आपण सगळे नौदल दिनाचे संदेश पाठवतो, कारण त्या रात्री आपल्या क्षेपणास्त्र नौकांनी कराचीवर हल्ला चढवला होता, आणि त्याचा अभिमान मलाही आहे. पण त्यानंतर पाचच दिवसांनी ‘हंगोर’ या पाकिस्तानी पाणबुडीने खुकरीला टॉर्पेडो मारला, जहाज काही मिनिटांत बुडाले आणि १८ अधिकारी व १७६ नौसैनिक त्याच्याबरोबर गेले, हे किती जणांना माहीत आहे? कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांनी जहाज सोडायला नकार दिला आणि त्यांना मरणोत्तर महावीरचक्र मिळाले, एवढे तरी कधीमधी वाचनात येते. बाकीच्यांची नावे त्यांच्या घरच्यांपुरतीच उरली.

मला सकाळपासून राहून राहून गेल्या महिन्यातली गोष्ट आठवते आहे. नोव्हेंबर म्हणजे हयातीच्या दाखल्याचा महिना. आपण जिवंत आहोत, हे आत्याला दर वर्षी सिद्ध करावे लागते. आतोबा गेल्यावर बरीच वर्षे ती काजूच्या कारखान्यात बी फोडायला जात असे. काजूच्या टरफलातले तेल कातडी जाळते, आणि त्या तेलाने तिच्या बोटांवरच्या रेषा जवळजवळ पुसून टाकल्या आहेत. काउंटरवरच्या मुलाने तिचा अंगठा चार वेळा यंत्रावर दाबून घेतला. ‘आजी, जरा जोर लावा.’ यंत्र काही ती जिवंत असल्याचे मान्य करेना. मग पडद्यावरचा पुढचा प्रश्न त्याने, मागची रांग ऐकते आहे याचे भान न ठेवता, मोठ्याने वाचला : ‘पुनर्विवाह झाला आहे का? हो की नाही?’

‘नाही रे बाबा,’ आत्या म्हणाली, ‘ते राहूनच गेलं.’

रांग हसली, तो मुलगा हसला, आत्याही हसली. परतताना रिक्षात ती एक शब्दही बोलली नाही.

नियम त्या मुलाने केलेला नाही, पैसा सरकारी आहे म्हणजे खातरजमा हवीच, आणि अंगठा उमटला नाही तरी कागदी दाखला देण्याची सोय आहे, हे मला मान्य आहे. आजचा सोहळाही पोरांनी वर्गणी काढून केला होता. बोलावले तरी, हेही खरे. तरीही माझा राग जात नाही. काउंटरवर तिला नाव, क्रमांक, अंगठा, लग्न, सगळे विचारतात, आणि व्यासपीठावर तिला काहीच विचारत नाहीत. ‘तुमचे यजमान कुठल्या जहाजावर होते?’ एवढा एक प्रश्न कोणी आदल्या दिवशी फोनवर विचारला असता, तर आज हा प्रकार झाला नसता.

आतोबांचा देह मिळाला नाही. गावी दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी दिला, तेव्हा आत्या एकवीस वर्षांची होती. कोणीतरी पोहत पाकिस्तानच्या किनाऱ्याला लागला असेल, अशा आशेवर तिने पुढची तीन-चार वर्षे त्यांचे धुतलेले कपडे पुन्हा पुन्हा धुऊन वाळत घातले, असे माझी आई सांगत असे. दीवला टेकडीवर खुकरीचे स्मारक आहे, काचेच्या आत जहाजाची प्रतिकृती आहे. आम्ही तिला तिथे नेले होते, तेव्हा तिने प्रतिकृतीकडे फारसे पाहिलेच नाही. समुद्राकडे तोंड करून ती बराच वेळ उभी राहिली आणि मग ‘इथून किती लांब असेल?’ असे तिने मला विचारले. चाळीसएक सागरी मैल, असे मी सांगितले. ‘म्हणजे दिसणार नाही,’ ती म्हणाली.

दिल्लीत राष्ट्रीय युद्ध स्मारक २५ फेब्रुवारी २०१९ ला झाले. भिंतींवर पंचवीस हजारांहून अधिक नावे कोरलेली आहेत, ही फार मोलाची गोष्ट आहे. पण स्वातंत्र्यानंतर एवढी युद्धे होऊनही त्याला सत्तर वर्षांहून अधिक काळ लागला, हे म्हटल्याशिवाय मला राहवत नाही.

दुपारी घरी आल्यावर मी सन्मानचिन्ह पाहिले. त्यावरही कारगिलच छापले आहे. परत देऊन बदलून आणतो म्हटले, तर आत्या म्हणाली, ‘कशाला त्या पोरांना त्रास? नारळ मात्र चांगला निघाला हो.’ शाल तिने ट्रंकेत आधीच्या शालींवर ठेवून दिली. काउंटरवर हसली होती तशीच हसली, आणि ते हसू मला अजिबात आवडले नाही.

खुकरीवर टॉर्पेडो आदळला तो रात्री पावणेनऊच्या सुमारास. आत्ता साडेआठ होऊन गेले आहेत, आत्याने टीव्ही बंद करायला सांगितला आहे आणि ती देवघरात गेली आहे. प्रतिक्रियांना उत्तरे उद्या देईन.