भाच्याचा व्हॅम्पायर

आमच्या गोंयात घरटी एक कवी असतोच, त्याची सवय आहे. पावसाच्या कविता, आईच्या कविता, मांडवीच्या कविता, सगळं मुकाट ऐकून घेतलंय आपण. पण माझा भाचा हल्ली व्हॅम्पायर होऊन कविता लिहितो, म्हणजे 'मी' म्हणून, आणि ऐकवतो रात्री लाइट गेल्यावर, तेव्हाच मूड लागतो म्हणे. फोंड्यात पावसात लाइट जायला कारण लागत नाही, त्यामुळे मूड रोजचाच.

"मी रात्रीचा राजपुत्र, शवपेटी माझं घर
तुझ्या मानेच्या निळ्या शिरेवर माझी नजर"

मोबाइलचा टॉर्च हनुवटीखाली धरून हे चालू असतं आणि आतून बायको ओरडते, मानेला काय झालंय त्याच्या, कैलास जीवन लाव म्हणावं.

मी म्हटलं, बाबा, हा तुझा राजपुत्र आषाढात काळा मखमली झगा घालून फिरतो, इथे माझी साधी बनियन चार दिवस वाळत नाही, कपाटातल्या पट्ट्याला बुरशी येते, मग त्या मखमलीचं आणि बंद पेटीचं काय होत असेल? मुलगी घाबरायच्या आधी नाक दाबेल. तर म्हणे, "मामा, तू फील घे."

कसला फील. त्या व्हॅम्पायरला कोणी आत बोलावल्याशिवाय उंबरठा ओलांडता येत नाही म्हणे. ती अडचण आमच्याकडे नाहीच, आमची आई कुणालाही "यो, बस" म्हणते. पंचाईत पुढे आहे. सोप्यावर बसवून ती विचारणार, खंयचो रे तूं? ट्रान्सिल्वेनिया? तें जाल्लें, पूण मूळ गांव खंयचो? महाजन खंयच्या देवळाचे? पेटयेंत कित्याक न्हिदता, घरांत खाट ना? मग तिकडे आपल्यातली कोण दिली होती का याचा शोध, चहा, वर पोहे, आणि नातं जुळेपर्यंत कोंबडा आरवणार. बिचारा उपाशीपोटी उन्हात जाणार. त्याला हाकलायला लसूणही नको, नाहीतरी आमच्या बांगड्याच्या हुमणात तिरफळंच असतात.

शेवटी वैतागून म्हटलं, यात नवीन काय आहे रे, ओसेनफेल्डर नावाच्या जर्मन कवीने 1748 मध्येच हे करून ठेवलंय, व्हॅम्पायरवरची पहिली कविता म्हणतात ती, आणि तीसुद्धा 'मी'च्या तोंडून. पोरगी आईच्या शिकवणीला चिकटून बसलीय, भाव देत नाही, म्हणून हा टोकाय वाइन पिऊन धमकी देतो की झोपलीस की येतो रक्त प्यायला, आणि वर विचारतो, आता सांग, माझी शिकवण चांगली की तुझ्या आईची? छापून कुठे आली तर विज्ञानाच्या नियतकालिकात, व्हॅम्पायरवरच्या लेखाला जोडून!

वाटलं हिरमुसेल. पोरगं चेकाळलं. "आईची शिकवण! मामा, हे तर ओवीत बसतं मरे!"

आता ओवीत रूपांतर चाललंय, हल्ली लाइट असली तरी मूड लागतो. वाचनालयाच्या कोजागरी कविसंमेलनात वाचणार आहे. दूध आटवायचं काम त्याच्या मामीकडे, आणि अध्यक्ष म्हणून परस्पर माझं नाव देऊन आलाय.