तुरटीशिवाय टिकलेला रंग

नैसर्गिक रंगाईच्या कार्यशाळेला पांढराशुभ्र शर्ट घालून येणारे एक भाऊ दर वेळी असतातच. सतरंज्या अंथरून झाल्या की मी आधी त्यांना शोधतो आणि केळीच्या खोडापासून लांब बसवतो. ते ऐकत नाहीत.

जळगाव जिल्ह्यातल्या यावल-रावेरच्या केळीपट्ट्यात खोडाला तोटा नाही. घड कापला की ते बांधावर पडतं, आम्ही वाख, म्हणजे त्यातला धागा, काढायला उचलून आणतो. नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच, पण त्या पाण्यात चीक. खोडाचा एकेक पदर सोडवून फळीवर ठेवायचा आणि बोथट सुरीने खरवडायचा. धारदार सुरीने वाख तुटतो. खोड शिळं असेल तर गर चिकटून बसतो. चीक मात्र पाण्यासारखा दिसतो, म्हणून शर्टावर उडाला तरी कोणी मनावर घेत नाही.

मग मुख्य कार्यक्रम. एक किलो मांजरपाट (कोरं सुती कापड), वीस ग्रॅम धुण्याचा सोडा घालून तासभर उकळा. खळ निघाली का, हे पाण्याच्या थेंबाला विचारा: थेंब लगेच मुरला तर ठीक, मोत्यासारखा बसून राहिला तर पुन्हा उकळा. ‘नवंच कापड आहे, स्वच्छच आहे’ म्हणून ही पायरी गाळणाऱ्यांच्या कापडावर पुढे जगाचा नकाशा उमटतो. नंतर दीडशे-दोनशे ग्रॅम हिरड्याची पूड पाण्यात कालवून कापड त्यात भिजवा आणि न खळबळता वाळवा. रंग पक्का धरते ती तुरटी, पण सुती धाग्याला ती नुसती धरवत नाही, तिला हिरड्याचा हात लागतो. मग दीडशे ग्रॅम तुरटी, कोमट पाण्यात. शेवटी किलोभर वाळलेल्या डाळिंबाच्या साली तासभर उकळून गाळलेलं पाणी, आणि त्यात कापड पाऊण तास हलवत राहायचं. हलवणारा चहाला गेला की घडीघडीवर पट्टे.

एवढं करून पिवळा येतो. तोही स्टीलच्या पातेल्यात. कोणी हौसेने घरची लोखंडी कढई आणली, की पिवळ्याचा राखाडी-हिरवा होतो, कारण सालीतलं आणि हिरड्यातलं तुरट द्रव्य लोखंडाला धरतं. हाच रंग हवा असेल तर आम्ही मुद्दाम दहा ग्रॅम हिराकस (लोखंडाचा क्षार) टाकतो. जास्त टाकला तर कापड कुजतं. (हिराकसाच्या पातेल्यात पुन्हा डाळ शिजवायची नाही, हे तीन वेळा सांगावं लागतं.) हळदीचा आग्रह धरणारेही असतात. हळद चढते झकास, पण साबण लागला की लाल, ऊन लागलं की गायब. म्हणून रंगवलेलं कापड सावलीत वाळवा, असं मी सांगतो, आणि मे महिन्याच्या खान्देशात सगळे सावली शोधायला उठतात.

तेवढ्यात ते पांढऱ्या शर्टाचे भाऊ येतात. खिशाखाली चार तपकिरी ठिपके. चिकाला हवा लागली की तो काळवंडतो. ना सोडा, ना हिरडा, ना तुरटी, ना पाऊण तास हलवणं. आणि आता साबण, लिंबू, रॉकेल काहीही लावा, जात नाही.

घोळक्यातल्या एक मावशी वाकून ठिपक्यांवर बोट फिरवतात. सकाळपासून पातेलं हलवून त्यांचा हात भरून आलेला असतो.

“भाऊ, हाऊ कोनता रंग शे? आम्हाले हाऊच शिकाडा ना.”