आंबटओलं

कपडे दोनच प्रकारचे असतात, ओले आणि वाळलेले, असं ज्यांना वाटतं त्यांनी जुलै महिना डोंबिवलीत काढलेला नसतो. आमच्याकडे तिसरी एक अवस्था आहे आणि जून ते सप्टेंबर राज्य तिचंच. पिळला तर थेंब गळत नाही, घडी घातली तर घडी पडते, पण अंगात चढवला की पाठीवर पाल पडल्यासारखं होतं. त्या कपड्याला आंबटओला म्हणतात. ज्या पूर्वजांनी ओल्याला चवीचं विशेषण लावलं, त्यांच्या घरात दोरीवर काय काय लोंबत असेल याची मला पूर्ण कल्पना आहे.

या दिवसांत घरात सर्वांत जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न म्हणजे, "हात लावून बघ गं, वाळलाय का?" आणि ठरलेलं उत्तर, "वाळलाय बहुतेक. गार लागतोय नुसता." यात उत्तर देणाऱ्याचा दोष नाही. ओल ओळखणारी वेगळी यंत्रणा माणसाच्या कातडीत नाहीच. गारवा आणि स्पर्श यांची बेरीज करून मेंदू 'ओलं असावं' असा अंदाज काढतो, आणि पंख्याखाली टांगलेल्या कपड्याबाबत तो अंदाज हमखास फसतो. म्हणून आधी पंखा बंद करायचा, दहा मिनिटं थांबायचं आणि मग कापड तळहाताला नव्हे, गालाला लावायचं. तेही मधोमध नाही. कॉलर, काखेची शिवण, खिशाचा तळ इथे. मधोमध लावून 'वाळला' म्हणणारी माणसं पुढे सोमवारी सकाळी शाळेच्या पिनोफोरवर इस्त्री फिरवताना दिसतात, आणि ती इस्त्री चर्र करत असते.

वाळत का नाही, याचा हिशेब एकदा मांडला की निदान पावसाला शिव्या देणं थांबतं. दहा बाय बाराची खोली, उंची साडेनऊ फूट. आत हवा झाली साधारण 32 घनमीटर. 28 अंश तापमानाला एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त 27 ग्रॅम बाष्प मावतं. आर्द्रता 85 टक्के धरली, आणि ही मी दयाळूपणे धरतोय, तर त्यातले 23 ग्रॅम आधीच खिडकीतून रुमाल टाकून बसलेले. शिल्लक जागा चार ग्रॅम. म्हणजे अख्खी खोली मिळून तुमच्या कपड्यांतलं पाणी घेणार जेमतेम सव्वाशे ग्रॅम, एक कप चहाएवढं. आणि दोरीवर? पाच किलो कपडे मशीनमधून निघाले की त्यांत तीन लिटर पाणी सहज असतं. खिडक्या लावून पंखा पाचवर सोडला, की हे पाणी कपड्यांतून निघतं खरं, पण खोली सोडून जात नाही. ते भिंतीत, गादीत, कपाटाच्या पाठीत आणि कोपऱ्यातल्या चामडी पट्ट्यात मुक्काम करतं. गणपतीला पट्टा काढावा तर त्याच्यावर हिरवळ.

तेव्हा पाऊस असला तरी एखादी खिडकी चार बोटं उघडी हवीच. आपल्याकडे पाऊस नैर्ऋत्येकडून येतो, म्हणून उघडायची ती पूर्वेची. स्वयंपाकघरातला किंवा न्हाणीघरातला एक्झॉस्ट चालू ठेवायचा. बाहेरची हवाही दमटच असते, मान्य. पण दर घनमीटरमागे चार ग्रॅम का होईना, ती घेऊन जाते. एसी असेल तर त्याला ड्राय मोडवर टाका आणि बाहेरच्या नळीखाली बादली लावा. दमट दिवसात दीड टनी एसी तासाला लिटरभर पाणी सहज काढतो. विजेचं बिल बघून जो कळवळा येतो तो बादली बघून थोडा कमी होतो.

पण खरी लढाई दोरीवर नव्हे, त्याच्या आधी पिळण्यात जिंकायची असते. हवेला विनवण्या करून पाणी काढण्यापेक्षा गरागरा फिरवून काढणं कधीही स्वस्त. इथे एक मौज आहे. वरून कपडे टाकायचं फुल्ली ऑटोमॅटिक मशीन मिनिटाला साधारण 700 फेरे घेतं. आणि ज्याला आपण नाक मुरडतो, त्या दोन टबांच्या सेमी ऑटोमॅटिकचा छोटा पिळणीचा टब मारतो 1300 च्या वर. त्यामुळे पावसाळ्यात शेजारच्या वहिनींचे कपडे आपल्या आधी वाळतात यात त्यांच्या गॅलरीची पुण्याई काही नाही. आपल्या मशीनला पाणी न घेता नुसतं स्पिन आणखी एकदा द्यायचं. पाच मिनिटांचं काम आहे. शर्ट-पँट फार घाईचे असतील तर कोरड्या टॉवेलवर पसरून, सुरळी करून, त्या सुरळीवर गुडघा टेकवायचा. टॉवेल ओला होतो हे खरं, पण टॉवेल ऑफिसला जायचा नसतो.

टॉवेलवरून आठवलं. ऑगस्टमध्ये जाडजूड टर्किश टॉवेल वापरणं ही निव्वळ हौस आहे. पंचा वापरा. पंख्याखाली दोन तासांत वाळतो, वीत-दीड वीत जागा घेतो, आणि पाहुणे आले की लपवता येतो. सोलापुरी चादरीबद्दल तर बोलूच नका. तिला जूनच्या पहिल्या आठवड्यात धुऊन वर ठेवायचं आणि दसऱ्यापर्यंत डोळ्याला डोळा द्यायचा नाही.

टांगण्यातही शास्त्र आहे. दोन कपड्यांत किमान चार बोटं अंतर. एक लांब, एक आखूड, असं आलटून पालटून, म्हणजे खालून वारा खेळतो. शर्ट हँगरवर, वरचं एक बटण लावून. छताच्या पंख्याच्या अगदी खाली, बोंडाखाली, वारा जवळपास नसतोच. कपडे तिथून फूट-दोन फूट बाजूला हवेत. त्याहून बरा टेबल फॅन, जमिनीवर ठेवून रांगेच्या एका टोकाकडून आडवा मारलेला. छताला पुलीवर टांगलेल्या सहा दांड्या ज्यांच्या गॅलरीत आहेत त्यांनी ओलं वजन मधल्या दांड्यांवर घालावं आणि दोऱ्यांच्या गाठी दर वर्षी मे महिन्यात तपासाव्यात. ती गाठ सुटते ती नेमकी खाली कोणी दाढी करत उभं असताना.

आता जीन्स. हिच्यासाठी वेगळा परिच्छेद लागतो, कारण ती वेगळी दोरीही मागते. कोरडी सहाशे-सातशे ग्रॅमची. हाताने पिळून टांगली तर वजनाने दुप्पट, आणि दोरी मधोमध झोळी धरते. पाय दोन दिवसांत वाळतात, मांड्या तिसऱ्या दिवशी, आणि कंबरपट्टा ज्या दिवशी तुम्ही आशा सोडता त्याच्या दुसऱ्या दिवशी. तिथे कापडाचे चार थर एकावर एक शिवलेले असतात, वर पट्ट्याच्या लुपा, आत खिशांची अस्तरं. म्हणून जीन्स उलटी करायची, खिसे बाहेर ओढायचे, आणि दोरीवर दुमडून न टाकता कंबरेला चार चिमटे लावून नळकांड्यासारखी उघडी टांगायची. चिमटे समोर दोन, मागे दोन. मधून वारा गेला पाहिजे. बाहेर काढलेले खिसे दोन्ही बाजूंना कानांसारखे लोंबतात आणि रात्री पाणी प्यायला उठलेला माणूस दचकतो, तेवढं सोसायचं.

वासाचं काय? तो कुबट वास पावसाचा नसतो, साबणाचाही नसतो. मोराक्सेला ओस्लोएन्सिस नावाचा एक जिवाणू कापडात राहून तो वास तयार करतो, हे जपानमधल्या संशोधकांनी 2012 मध्ये दाखवलं. हा प्राणी साध्या धुण्याला दाद देत नाही. कपडा ओला राहील तितका वेळ तो वाढतो, म्हणून धुवून झालेले कपडे मशीनमध्ये दोन तास विसरलात की त्याला मुहूर्त मिळाला. सुती कपडे अधूनमधून 60 अंशांच्या पाण्यात धुवा. पावडर जास्त घालू नका. नीट न निघालेला साबण कापडात चिकट थर ठेवतो आणि त्यावर जिवाणूंचं आणखी फावतं. अत्तर मारू नका. आंबटओल्या बनियनवर मोगऱ्याचं अत्तर मारलं की लोकलमध्ये शेजारचा माणूस आपण होऊन जागा सोडतो, हा फायदा सोडला तर त्यात काही नाही.

घरोघरी चालणारे बाकी उपाय झटपट उरकतो. फ्रिजमागे मोजे: फ्रिज बिचारा गरमी बाहेर टाकू शकत नाही. गॅसच्या वर दोरी: नको, कधीच नको. हेअर ड्रायर: मोज्यापुरता ठीक. बुटांत वर्तमानपत्राचे बोळे: उत्तम, पण दर दोन तासांनी बदलायचे, आणि बूट शेगडीजवळ न्यायचे नाहीत, नाहीतर तळवा जबडा उघडतो. कोकणात बाळाची दुपटी पालथ्या टोपलीवर पसरून खाली धुपाचे निखारे ठेवत. त्याच्याइतकी डोकेबाज सोय मी अजून पाहिली नाही, फक्त ती वन बीएचकेमध्ये, फायर अलार्मखाली करून बघू नये.

पंचांगात नक्षत्राचं वाहन म्हैस, हत्ती की बेडूक हे बघून पेरणीचा अंदाज बांधतात. मी ते बेडशीट भिजवायच्या आधी बघतो.

आणि मग एखाद्या दिवशी पावणेबाराला ऊन पडतं. खरंखुरं, सावली पाडणारं. सगळ्या बिल्डिंगच्या गॅलऱ्या एकदम उघडतात. चिमट्यांचा खडखडाट होतो. बाहेर निघणाऱ्यांत पहिला मान जीन्सचा, मग युनिफॉर्म, मग उशीचे अभ्रे. वीस मिनिटांत कंबरपट्टा कोमट लागायला लागतो. तेवढ्यात वरच्या मजल्यावरच्या काकू आपली डबल बेडची चादर, न पिळलेली, कठड्यावरून सोडतात. ऊन जातं आणि पाणी येतं.

"अहो काकू, खाली कपडे आहेत!"

"अगं बाई! वाळले होते का?"

"नाही हो. गार लागत होते नुसते."